एफवायचा हिशेब आठवणीवर नको

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, वर्षभरात तुझ्यात काय फरक पडला? उत्तर तयार असतं. आत्मविश्वास वाढला, चारचौघांत बोलायची भीड चेपली, घर सोडून राहायची सवय झाली, माणसं ओळखता यायला लागली. शिष्यवृत्तीच्या अर्जात, परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशनिबंधात, पुढे पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही थोड्याफार फरकाने हेच दिलं जातं. ही मुलं खोटं बोलत नसतात. पण स्वतःत वर्षभरात झालेल्या बदलाबद्दल माणसाने दिलेली साक्ष कितपत भरवशाची असते, हे मानसशास्त्राने गेली चाळीस वर्षं तपासून पाहिलं आहे आणि निष्कर्ष फारसा सुखावणारा नाही. साक्ष दोन्ही बाजूंनी चुकते. काहींना न झालेली प्रगती झाल्यासारखी वाटते, तर काहींना झालेली प्रगती दिसतच नाही. पहिल्या वर्षात वाढ होते याबद्दल मला शंका नाही. मात्र ती वर्ष संपल्यावर मागे वळून आठवायची गोष्ट नाही. वर्ष चालू असताना लिहून ठेवलेलं काही हाताशी असेल तरच तिचा पत्ता लागतो.

या बाबतीतला सर्वांत बोलका प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी अभ्यासाचं तंत्र शिकवणाऱ्या एका छोट्या वर्गासाठी नावं दिलेल्या विद्यार्थ्यांना आधीच विचारून घेतलं, की आज तुम्ही नोट्स कशा काढता, वाचलेलं किती लक्षात राहतं, वेळेचं गणित कितपत जमतं. उत्तरं कागदावर उतरली. मग काहींना वर्गात बसवलं आणि बाकीच्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं. वर्ग संपल्यावर दोन्ही गटांना एकच गोष्ट विचारली: सुरुवातीला तुम्ही स्वतःबद्दल काय सांगितलं होतं, ते आठवून सांगा. प्रतीक्षायादीतल्या मुलांनी साधारण खरं सांगितलं. वर्ग केलेल्यांनी मात्र स्वतःची जुनी अवस्था होती त्याहून वाईट रंगवली. सुरुवातीचा आकडा मनातल्या मनात खाली ओढला की आजचा आकडा आपोआप उंच दिसतो. त्या मुलांना आपण सुधारलो असं मनापासून वाटत होतं आणि गुणही जास्त पडतील अशी खात्री होती. गुण आले ते प्रतीक्षायादीतल्या मुलांइतकेच. पुढे सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा त्या काळातले स्वतःचे गुणही त्यांना होते त्यापेक्षा जास्त आठवत होते. कॉलेजचं पहिलं वर्ष हा असाच एक लांबलचक वर्ग आहे. त्यात पैसा, वेळ आणि आईवडिलांच्या अपेक्षा ओतलेल्या असतात, त्यामुळे ‘काहीच बदललं नाही’ हे उत्तर परवडण्यासारखं नसतं. मग आठवण सोयीचा भूतकाळ पुरवते.

आठवणीची ही मेहेरबानी कुठे जास्त आणि कुठे कमी असते, हेही मोजलं गेलं आहे. अमेरिकेत हॅरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या ९९ विद्यार्थ्यांना शाळेतल्या श्रेणी आठवून सांगायला सांगितल्या आणि शाळेच्या दप्तरातून त्या पडताळून पाहिल्या. ‘अ’ श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, ‘ड’ श्रेणी जेमतेम २९ टक्के वेळा. विसरणं सगळीकडे सारखं असतं, तर चुका वर-खाली दोन्हीकडे विखुरल्या असत्या. इथे बहुतेक चुका एकाच बाजूला, म्हणजे स्वतःच्या फायद्याला झुकलेल्या होत्या. श्रेणीसारखी छापील, सहीशिक्क्याची गोष्ट जिथे अशी सरकते, तिथे ‘मी पूर्वी किती बुजरा होतो’ यासारख्या मोजमाप नसलेल्या गोष्टीचं काय होत असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता उलट बाजू. ती आपल्याकडे जास्त दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्षही जास्त होतं. बारावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेला, तालुक्याच्या गावात मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात बीएस्सीला येतो. पहिल्या सत्रात पन्नाशी गाठताना दमछाक होते, एखाद्या विषयात केटी लागते आणि ‘आपण मुळात साधारणच होतो, गावाकडे कळलं नाही इतकंच’ असा निकाल तो स्वतःवर लावून मोकळा होतो. ऑस्ट्रेलियातले शिक्षणमानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून हा परिणाम पुन्हा पुन्हा दाखवून दिला आहे: कुवत तीच असली तरी हुशार मुलांच्या घोळक्यात गेलेला विद्यार्थी स्वतःला कमी लेखू लागतो, कारण माणूस आपली उंची शेजाऱ्याकडे पाहून ठरवतो. त्या मुलाने वर्षभरात इंग्रजीतून व्याख्यान ऐकायला, इंग्रजी पुस्तकातून अभ्यास करायला आणि खानावळीच्या जेवणावर तब्येत सांभाळायला शिकलेलं असतं. बारावीच्या तुलनेत त्याची समज कितीतरी पुढे गेलेली असते. पण ही प्रगती गुणपत्रिकेत उतरत नाही आणि आठवणीतही नाही, कारण बाजूच्या बाकावरचा मुलगा आणखी पुढे असतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची वाट ठेवली आहे. ती घ्यायची की नाही हे अशा मनःस्थितीत ठरवायचं म्हणजे चुकीच्या काट्यावर वजन करून सौदा करण्यासारखं आहे.

थोरांच्या चरित्रांनीही या बाबतीत आपली थोडी दिशाभूल केली आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं, ही गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. गांधीजी १८८८ साली भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले, तिथलं काही समजेना म्हणून पहिल्या सत्रानंतर घरी परतले आणि प्राध्यापकांना दोष न देता आपण कच्चे होतो असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं. एकाचं पहिलं वर्ष दूरदृष्टीचं उदाहरण ठरलं, दुसऱ्याचं नम्रतेचं. दोन्ही हकिकतींना अर्थ चढला तो पुढचं सगळं आयुष्य माहीत झाल्यावर. गांधीजींची आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये येऊ लागली ती १९२५ साली, म्हणजे त्या सत्रानंतर सदतीस वर्षांनी. वसतिगृहाच्या खोलीत बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला त्या वेळी काय वाटत होतं, हे अशा हकिकतींतून कळणं अवघड. आजचा विद्यार्थी मात्र त्या वाचून आपल्या चालू वर्षालाही आतापासूनच अर्थ शोधायला बसतो.

मग पहिल्या वर्षात नेमकं वाढतं काय? माझ्या मते याचं सर्वांत समाधानकारक उत्तर हार्वर्डच्या विल्यम पेरी यांच्या कामात आहे. १९५० च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती सुरू केल्या. दर वर्षाच्या अखेरीस त्याच मुलांना पुन्हा बोलवायचं आणि या वर्षात काय उठून दिसलं ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्यायचं. १९७० साली आलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की मुलांची ज्ञानाकडे पाहण्याची नजर एका विशिष्ट क्रमाने बदलत जाते. सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं आणि ते सरांकडे असतं. मग लक्षात येतं, की सरांमध्येही मतभेद आहेत. इथे बरेच जण ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून थांबतात. त्याही पुढे गेलेल्याला कळतं, की सगळी मतं सारख्या वजनाची नसतात, पुराव्यावरून ती तोलता येतात आणि तोलून झाल्यावर एक बाजू घ्यावीही लागते. आपल्या वर्गातलं उदाहरण घ्यायचं तर एफवायबीएच्या इतिहासाच्या तासाला १८५७ शिकवलं जातं. सावरकरांनी त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं, रमेशचंद्र मजुमदारांना ते पटलं नाही, इंग्रजांच्या लेखी ते शिपायांचं बंड होतं. तास संपल्यावर एक जण विचारतो, “सर, पेपरात कोणतं लिहायचं?” दुसरा विचारतो, “मजुमदार कशाच्या आधारावर म्हणतात?” दोघांना परीक्षेत सारखेच गुण पडू शकतात. फरक प्रश्नातला आहे आणि पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यावर येणं हीच कॉलेजातली खरी वाढ. पेरींचे विद्यार्थी बहुतांशी मुलगे होते, हा आक्षेप रास्त होता. मेरी बेलेन्की आणि तिघी सहकाऱ्यांनी १९८६ साली १३५ स्त्रियांच्या मुलाखतींवरून दाखवलं, की अनेकींच्या बाबतीत ‘माझंही काही मत असू शकतं’ हे मान्य होणं हाच मोठा टप्पा असतो. घरात कुणी प्रश्नच न विचारलेल्या मुलींना शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हे वेगळं सांगायला नको. पेरींची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. मुलाखत दर वर्षी घेतलेली असल्याने पहिल्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्याच भाषेत बोललेला सापडतो. चौथ्या वर्षी त्याला जुनं आठवायला सांगितलं असतं तर ते हाती लागलं नसतं.

अभ्यासाच्या सवयींचं तसंच आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००९ साली १७७ विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करता असं विचारलं, तेव्हा ८४ टक्के मुलांनी नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असं सांगितलं. पुस्तक मिटून आठवून पाहतो असं सांगणारे ११ टक्के निघाले. वास्तविक दीर्घकाळ लक्षात राहण्यासाठी दुसरी पद्धत कितीतरी प्रभावी असल्याचं तोवर सिद्ध झालं होतं. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि या ओळखीलाच आपण समज मानतो. रिचर्ड अरम आणि योसिपा रोक्सा यांच्या २०११ च्या पुस्तकाने अमेरिकेत बराच गदारोळ उडवला तो याच संदर्भात: २४ संस्थांमधल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांची कॉलेजात शिरताना आणि दोन वर्षांनी अशी परीक्षा घेतली, तेव्हा तर्क आणि लेखन यांत ४५ टक्के मुलांची लक्षणीय प्रगती आढळली नाही. त्या आकड्यावर टीका झाली. लक्षणीय वाढ न आढळणं म्हणजे वाढ न होणं नव्हे, हा टीकाकारांचा मुद्दा योग्यच होता. तरी एवढं उरतंच, की कॉलेजात वर्ष काढलं म्हणून विचार पक्का होतोच असं गृहीत धरता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप असा, की आत्मविश्वासाची गोष्ट खोटी का असेना, तिचा उपयोग होतो. उगाच हिशेब मागून मुलांना खच्ची कशाला करायचं? या आक्षेपाच्या बाजूने पुरावाही आहे. १९८२ साली टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी पहिल्या वर्षात गुणांच्या चिंतेत असलेल्या विद्यार्थ्यांना इतकंच सांगितलं, की सुरुवातीला गुण कमी पडतात आणि पुढे सुधारतात. वरच्या वर्गातल्या मुलांच्या चित्रफिती दाखवल्या. त्या मुलांचे गुण पुढे खरोखर वाढले आणि कॉलेज सोडण्याचं प्रमाण घटलं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तासाभरात एवढंच वाचलं आणि लिहिलं, की इथे परकं वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि ते ओसरतं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण इतके सुधारले, की गोऱ्या सहाध्यायांशी असलेली दरी निम्म्याने भरून आली. म्हणजे स्वतःला सांगितलेली गोष्ट बदलली की निकाल बदलतो. पण या दोन्ही प्रयोगांत मुलांना सांगितलेली माहिती खरी होती, वरच्या वर्गातल्यांच्या अनुभवातून आलेली होती. ‘तू फार सुधारलास’ असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि परिणाम मोजला गेला तो गुणांवरून. मुलांना काय वाटतं यावर तो सोडला नव्हता. वॉल्टन-कोहेन यांच्या प्रयोगात तर शेवटी विचारलं तेव्हा त्या तासाभरात काय वाचलं हेही बहुतेकांना नीट आठवत नव्हतं आणि आपल्या यशाचं श्रेय कुणी त्याला दिलं नाही. ज्या गोष्टीने त्यांचं कॉलेजजीवन सावरलं, तीच त्यांच्या स्वतःच्या हकिकतीत नव्हती. वर्षाअखेरीच्या सिंहावलोकनावर विसंबू नये याला याहून नेमका दाखला मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप: हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय लागू? अंशतः मान्य. महाराष्ट्रात कॉलेजचं पहिलं वर्ष दोनदा येतं. एकदा अकरावीला, सोळाव्या वर्षी, आणि दुसऱ्यांदा एफवायला. त्यातही जेईई आणि नीटच्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत अकरावीचं कॉलेज हजेरीपटापुरतं उरतं. मूल सकाळी क्लासला जातं आणि संध्याकाळी क्लासमधूनच घरी येतं. अशा मुलाला वाद घालायला, वक्तृत्वात पडायला, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना रात्र जागवायला सवडच मिळालेली नसते आणि अठराव्या वर्षी वसतिगृहात पाऊल टाकल्यावर त्याचं कॉलेज खऱ्या अर्थाने सुरू होतं. आपल्याकडे जात, माध्यम आणि गाव यांचे ताण अमेरिकेतल्या वंशभेदासारखे हुबेहूब नाहीत, पण परकेपणाची भावना अनोळखी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजनेतून गरीब मुलाला कॉलेजात हक्काची जागा मिळाली. काम करून शिकणारा एकटा पडू नये, तसे सोबतीला पुष्कळ असावेत, ही त्यातली शहाणीव होती. पुढचं अमेरिकन संशोधनही तेच सांगतं. वॉल्टन यांचाच प्रयोग २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर झाला, तेव्हा कळलं की ज्या कॉलेजात मुलांना आपलं मानायची खरोखर संधी होती तिथेच परिणाम दिसला. परकेपणा ओसरेल असं नुसतं लिहून भागत नाही, तो ओसरेल अशी जागाही असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ कार्यक्रमाचा हेतू हाच आहे. अनेक ठिकाणी त्याची बोळवण दोन दिवसांच्या भाषणांवर होते.

राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप: नोंदी ठेवा म्हटलं की कॉलेजं त्याचंही सबमिशन करतील. ही भीती अगदी खरी आहे. विज्ञान शाखेचं प्रॅक्टिकल जर्नल कसं पूर्ण होतं हे कुणापासून लपलेलं नाही. वर्षभराचे प्रयोग शेवटच्या आठवड्यात सिनिअरच्या जर्नलवरून उतरवायचे, प्रत्येकाला मागची तारीख घालायची, आकडे जमले नाहीत तर निरीक्षणं उत्तराकडून मागे आणायची आणि बाईंची लाल सही घेऊन सर्टिफाय करून घ्यायचं. ‘माझ्या व्यक्तिमत्त्वविकासाचा आढावा’ हा विषय गुणांसाठी दिला तर त्याचंही हेच होणार. उत्तर आधी ठरलेलं असेल तर नोंद कितीही सुवाच्य असली तरी तिच्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की या नोंदींना गुण नसावेत आणि त्या प्राध्यापकांनी वाचूही नयेत. लिहिणं निरुपयोगी ठरेल अशीही धास्ती नको. जेम्स पेनेबेकर यांनी १९९० च्या अभ्यासात नव्याने कॉलेजात आलेल्या मुलांना सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं, कॉलेजात येण्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. वरवरच्या विषयांवर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत या मुलांच्या पुढच्या महिन्यांतल्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. रोजनिशीचा रतीब कुणी घालायची गरज नाही.

लिहायचं काय, तर भावनांच्या विशेषणांपेक्षा पडताळून पाहता येईल असं काही. जुलैत वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक पान: कुठल्या विषयात काय समजत नाही, अडलं तर कुणाला विचारतो, पुस्तक मिटून किती आठवतं, वर्गात शेवटचा प्रश्न कधी विचारला आणि तो काय होता. पहिल्या सत्राअखेर पुन्हा एक पान, मार्चमध्ये तिसरं. मधे जुनं पान उघडायचं नाही. मे महिन्यात तिन्ही समोर ठेवून वाचली, की जुलैतला मुलगा आपल्याला वाटत होता तितका बावळट नव्हता हे बहुधा दिसेल, आणि ज्या एका बाबतीत आपण खरंच पुढे गेलो तीही सापडेल. ती बाब कदाचित ‘आत्मविश्वास’ नसेल. ‘आता सरांना केबिनमध्ये जाऊन विचारतो’ एवढीच असेल. या वर्षी प्रवेश घेतलेल्यांनी पहिलं पान ऑगस्ट उजाडण्याआधी लिहून टाकावं. नंतर लिहिलेलं पहिलं पान हे पहिलं राहत नाही.